मेडिकेड, मॅनेज्ड केअर आणि ईआरच्या भेटी: आकडे उलटसुलट का दिसतात

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. अमेरिकेत पब्लिक हेल्थ शिकताना एका राज्याचा मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा, डेटा तुमच्या हाती आला. त्यात मॅनेज्ड केअर प्लॅनमधली (सरकारकडून ठरावीक रक्कम घेऊन विमा चालवणाऱ्या संस्थांकडची) माणसं विमा नसलेल्यांपेक्षा इमर्जन्सी रूममध्ये (ईआर) जास्त वेळा जाताना दिसतात, पण जुन्या फी-फॉर-सर्व्हिस मेडिकेडमध्ये (जिथे सरकार दर उपचारामागे थेट पैसे देतं) राहिलेल्यांपेक्षा कमी. मग मॅनेज्ड केअरमुळे ईआरचा वापर वाढतो म्हणायचं की घटतो? शिवाय हे तत्त्व महात्मा फुले जन आरोग्य योजनेला लावता येईल का, असंही तुम्ही विचारलं आहे.

यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. विमा मिळाल्याचा परिणाम वेगळा आणि तो विमा मॅनेज्ड केअरमधून मिळाल्याचा परिणाम वेगळा. तुमची पहिली तुलना पहिल्या परिणामाची आहे, दुसरी तुलना दुसऱ्याची. दोन्हींची उत्तरं उलट दिशांना गेली तर त्यात विसंगती काही नाही.

विम्याच्या परिणामाबद्दल बऱ्यापैकी खात्रीने बोलता येतं, कारण ओरेगॉन. २००८ साली त्या राज्याकडे मेडिकेडच्या जागा थोड्या आणि इच्छुक फार, म्हणून सोडत काढली गेली. नाव निघालेले आणि न निघालेले यांच्यात नशिबाखेरीज फरक नव्हता. पोर्टलंड परिसरातल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासल्या तेव्हा विमा मिळालेल्यांच्या ईआर भेटी १८ महिन्यांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढलेल्या निघाल्या. माणशी एक भेट होती तिथे साधारण १.४. ही वाढ दुसऱ्या वर्षीही ओसरली नाही. साध्या दवाखान्यातल्या भेटीही वाढल्या. डॉक्टर परवडायला लागला की लोक ईआर सोडतील, हा अनेकांचा आवडता अंदाज तिथे टिकला नाही. दोन्ही दारं स्वस्त झाली आणि लोक दोन्हीकडे गेले. ओरेगॉनमधला तो विमाही बहुतांशी मॅनेज्ड केअर संस्थांमार्फतच चालत होता, हे लक्षात ठेवा. तेव्हा विमा नसलेल्यांशी तुलना करून मॅनेज्ड केअर फसलं असा निष्कर्ष काढू नका.

आता दुसरा भाग. राज्य सरकार प्लॅनला दर सभासदामागे दरमहा ठरावीक रक्कम देतं, तिला कॅपिटेशन म्हणतात. सभासद ईआरला गेला की खर्च त्या रकमेतून, म्हणजे प्लॅनच्या खिशातून. मेडिकेडचे सुमारे तीन-चतुर्थांश लाभार्थी आता अशा प्लॅनमध्ये आहेत. अ‍ॅरिझोना तर १९८२ मध्ये, सगळ्या राज्यांच्या शेवटी, मेडिकेडमध्ये आलं ते थेट मॅनेज्ड केअर घेऊनच. प्लॅनला भेटी कमी व्हाव्यात असं वाटायला सबळ कारण आहे. रुग्णालयाला मात्र बहुतेक ठिकाणी भेटीगणिक पैसे मिळतात, त्यामुळे त्याला तसं वाटायचं कारण नाही. आणि भेटी होतात रुग्णालयात. ज्याचा पैसा अडकला आहे तो दारात उभा नाही, हा या व्यवस्थेचा मूळ पेच आहे.

१९८० च्या दशकात प्लॅननी यावर काढलेला उपाय म्हणजे गेटकीपर. प्रत्येक सभासदाला एक प्रायमरी केअर डॉक्टर नेमून द्यायचा आणि ईआरला जाण्याआधी त्याची फोनवर परवानगी घ्यायची. त्या काळच्या मेडिकेड प्रयोगांत ईआरच्या भेटी खरोखरच घटल्या. जुने लेख वाचाल तर तुम्हाला ही घट ठळक दिसेल. पण ते आकडे आजच्या प्लॅनना लावता येत नाहीत, कारण ज्या हत्यारांनी ती घट आली त्यांतली बरीचशी नंतर कायद्याने काढून घेतली. छातीत कळ आली म्हणून माणूस रात्री ईआरला गेला, ईसीजी आणि रक्ततपासणीनंतर आम्लपित्त निघालं, की प्लॅन शेवटच्या निदानाकडे बोट दाखवून क्लेम नाकारायचा. दुसऱ्या बाजूने रुग्णालयं पैसे नसलेल्या रुग्णाला दारातूनच दुसरीकडे धाडायची. त्यावर १९८६ मध्ये एम्टाला कायदा आला: मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याचे) पैसे घेणाऱ्या आणि ईआर असलेल्या रुग्णालयाने येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करायचीच, आणि तातडीचा आजार निघाला तर तब्येत स्थिर करायची किंवा योग्य ठिकाणी रीतसर पाठवायचं. मग १९९७ च्या बॅलन्स्ड बजेट अ‍ॅक्टने मेडिकेड मॅनेज्ड केअरला प्रुडंट लेपर्सनचा निकष लावला. वैद्यकाचं बेताचं ज्ञान असलेल्या शहाण्यासुरत्या माणसाला, त्या लक्षणांवरून, लगेच उपचार न मिळाल्यास जिवाला किंवा अवयवाला गंभीर धोका आहे असं वाटणं रास्त असेल, तर ती इमर्जन्सी. नंतर काय निदान झालं याला महत्त्व नाही.

या निकषाबरोबर आलेले नियम तुमच्या विश्लेषणाला उपयोगी आहेत. ईआरसाठी पूर्वपरवानगी मागता येत नाही. रुग्णालय प्लॅनच्या नेटवर्कबाहेरचं असलं तरी पैसे द्यावे लागतात. निदानांची किंवा लक्षणांची यादी करून ‘यातलं असेल तरच इमर्जन्सी’ असं ठरवायला मनाई आहे. प्लॅनच्याच माणसाने ‘ईआरला जा’ सांगितलं असेल तर नंतर नाकारता येत नाही. रुग्णालयाने १० दिवसांत कळवलं नाही एवढ्या कारणावरूनही नाकारता येत नाही. रुग्ण स्थिर झाला की नाही हे तिथला उपचार करणारा डॉक्टर ठरवतो आणि ते प्लॅनला बंधनकारक असतं. त्यानंतरच्या उपचारांना मंजुरी मागितल्यावर प्लॅनने तासाभरात उत्तर दिलं नाही, तर खर्च त्याच्याच अंगावर येतो. तरीही कुणाला नकाराचं पत्र आलं, तर पत्रावरच्या तारखेपासून ६० दिवसांत प्लॅनकडे अपील करायचं. प्लॅनने साधारणपणे ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो. तोही विरोधात गेला तर राज्याकडे फेअर हिअरिंग (सुनावणी) मागता येतं. अपिलात लिहायचं ते लक्षणांबद्दल: दुखणं कधी सुरू झालं, किती वाढलं, त्या वेळी कशाची भीती वाटली. बहुतेक लोक डिस्चार्जच्या कागदावरचं निदान उतरवून काढतात आणि आपलीच बाजू लंगडी करतात.

निदानावरून मागे जाऊन ‘ही भेट गरजेची नव्हती’ म्हणणं का चुकतं, याचा चांगला पुरावा २०१३ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला. घरच्या डॉक्टरकडे भागलं असतं असं डिस्चार्जच्या निदानावरून फक्त ६.३ टक्के भेटींबद्दल म्हणता आलं. त्या रुग्णांनी दारात सांगितलेल्या तक्रारी पाहिल्या, तर नेमक्या त्याच तक्रारी एकूण भेटींपैकी ८८.७ टक्के भेटींमध्ये होत्या. त्या मोठ्या गटातल्या १२.५ टक्के रुग्णांना दाखल करावं लागलं. पोटात दुखतंय एवढंच सांगणाऱ्या दोघांपैकी गॅस कुणाला आणि अपेंडिक्स कुणाचं, हे दारातली नर्सही सांगू शकत नाही. रुग्णाने घरी बसून ते ओळखावं ही अपेक्षा वेडगळ आहे. तुम्ही कदाचित एनवाययू (न्यूयॉर्क विद्यापीठाचा) अल्गोरिदम वापरत असाल. तो प्रत्येक निदानाला टक्केवारीत वाटून देतो: अमुक हिस्सा तातडीचा नाही, अमुक तातडीचा पण दवाखान्यात भागणारा, आणि असंच पुढे. एका समूहाचं चित्र दुसऱ्याशी ताडून पाहायला तो चालतो. एका माणसाच्या एका भेटीवर शिक्का मारायला तो नाही. ‘अनावश्यक भेटी’ हा शब्द प्रबंधात वापरायचा मोह आवरा.

दार बंद करता येत नाही म्हटल्यावर दाराला तिकीट लावायचं, ही पुढची कल्पना. तातडीच्या नसलेल्या ईआर भेटीसाठी दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांकडून ८ डॉलरपर्यंत कोपे (रुग्णाने स्वतः भरायची रक्कम) घ्यायची राज्यांना मुभा आहे. पण तो घ्यायचा तर रुग्णालयाने आधी तपासणी पूर्ण करायची, तातडी नाही असं ठरवायचं, वेळेत आणि कमी पैशांत बघेल असा जवळचा दुसरा दवाखाना नावपत्त्यासह सांगायचा आणि तिथली वेळ ठरवायला रेफरल द्यायचं. एवढं सगळं रात्री अकराला ८ डॉलरसाठी कोण करणार? तपासणी तर झालेलीच असते, खर्च झालेलाच असतो. कोपे लावलेल्या आणि न लावलेल्या राज्यांची तुलना करणाऱ्या २०१० आणि २०१५ च्या मोठ्या अभ्यासांत भेटी घटल्याचं दिसलं नाही. काही राज्यं आणि प्लॅन वेगळ्या वाटेने जातात: कमी गंभीर ठरलेल्या भेटीला पूर्ण दर न देता फक्त ट्रायाज फी, म्हणजे प्राथमिक तपासणीपुरते पैसे, देतात. यात रुग्णालयाचं उत्पन्न घटतं, रुग्णाचा निर्णय बदलत नाही.

आणि तो निर्णय बहुतेकदा हिशेबी असतो. ताशी मजुरीवर काम, पगारी रजा नाही. दवाखाना पाचला बंद. फोन केला तर तीन आठवड्यांनंतरची अपॉइंटमेंट. तिथे गेलं तर डॉक्टर रक्ततपासणीला एका जागी आणि सीटी स्कॅनला दुसऱ्या जागी पाठवणार, म्हणजे तीन अर्धे दिवस बुडाले. ईआरमध्ये पाच तास गेले तरी रात्रीत सगळं उरकतं. मेडिकेड वाहनाची सोय देतं, पण ती सहसा दोन-तीन कामाचे दिवस आधी सांगून ठेवावी लागते. संध्याकाळी आठला लेकराला ताप भरला तर तिचा उपयोग शून्य. डॉक्टरांची यादी प्लॅनकडे असते, पण फोन केला की ‘नवीन मेडिकेड पेशंट घेत नाही’ असं ऐकू येतं. त्याचं कारणही उघड आहे: २०१९ मध्ये मेडिकेडची डॉक्टरांची फी सरासरीने मेडिकेअरच्या ७२ टक्क्यांच्या आसपास होती. ज्याने स्वतः डॉक्टर निवडला नाही त्याला प्लॅन आपोआप एक नेमून देतो, आणि कार्डावर छापलेल्या त्या डॉक्टरचं नाव सभासदाने अनेकदा वाचलेलंही नसतं. दात हा तर स्वतंत्र विषय. प्रौढांच्या दातांचं संरक्षण राज्यागणिक बदलतं आणि अनेक ठिकाणी ते तुटपुंजं आहे. दाढ ठणकली की माणूस ईआरला जातो, तिथे अँटिबायोटिक आणि वेदनाशामक मिळतं, दाढ तिथेच राहते, आणि महिन्याभरात तीच भेट पुन्हा. शिवाय पुष्कळ भेटी व्यवस्थाच घडवून आणते. प्लॅनची चोवीस तासांची नर्स लाइन आणि दवाखान्याचं रात्रीचं रेकॉर्डिंग, दोघंही शंका आली की एकच सांगतात: ईआरला जा.

मग घट होते कुठे? पर्याय त्या वेळेला खरोखर उघडा असतो तिथे, आणि रुग्णालय प्लॅनशी माहिती वाटून घेतं तिथे. वॉशिंग्टन राज्याचं उदाहरण मुळातून वाचा. राज्याने आधी तातडीच्या नसलेल्या भेटींवर वर्षाला तीनची मर्यादा घालायचं ठरवलं, त्यासाठी निदानांची लांबलचक यादी केली. डॉक्टरांची संघटना कोर्टात गेली. पुढचा आणखी कडक प्रस्तावही २०१२ मध्ये ऐन वेळी थांबवला गेला आणि त्याऐवजी रुग्णालयांनी सात गोष्टी करायच्या असं ठरलं. त्यातल्या कळीच्या म्हणजे सगळ्या ईआरना एकमेकांच्या भेटी स्क्रीनवर दिसणं, वारंवार येणाऱ्यांची काळजी योजना तयार असणं, आल्यापासून तीन-चार दिवसांत प्रायमरी केअरची अपॉइंटमेंट मिळवायचा प्रयत्न करणं आणि अफूजन्य औषधांच्या चिठ्ठ्यांना एकसारखे नियम. पहिल्या वर्षात मेडिकेडच्या ईआर भेटी सुमारे १० टक्क्यांनी घटल्याचं राज्याने जाहीर केलं. तुलनागट नसलेला हा आकडा आहे, म्हणून मी त्याला शंभर टक्के मानणार नाही. पण आधीची शिक्षेची भाषा सोडल्यावर किमान काही हाललं तरी.

प्लॅनच्या पातळीवर हेच काम रोज असं चालतं. रुग्णालयाकडून दाखल, डिस्चार्ज आणि बदलीचे संदेश येतात, त्यांना एडीटी म्हणतात. संदेश आल्यावर पुढच्या कामाच्या दिवशी केअर मॅनेजर फोन करतो. उपदेश करायचा नाही. आधी कुणाला फोन केला होता, काय उत्तर मिळालं, औषधं हातात आहेत का, एवढंच विचारायचं. नेमलेला डॉक्टर चुकीचा असेल तर फोनवरच बदलायचा आणि सात दिवसांच्या आतली वेळ घेऊनच फोन ठेवायचा. बिघडतं ते बहुधा नंबरावर. राज्याच्या नोंदणी फाइलमधला फोन नंबर कित्येकदा बंद झालेला असतो, कारण प्रीपेड फोन सतत बदलतात. ईआरच्या काउंटरवर कालच दिलेला नंबर एडीटीच्या संदेशात असतो, तो वापरा. क्लेम येईपर्यंत थांबणारे प्लॅन महिना-दीड महिन्यानंतर फोन करतात; तोवर माणसाला कुठल्या भेटीबद्दल चाललंय हेही आठवत नाही.

वारंवार येणाऱ्यांवरच सगळा भर देण्याबद्दल मात्र सावध राहा. न्यू जर्सीतल्या कॅमडेनचा हॉटस्पॉटिंग (वारंवार दाखल होणाऱ्यांना शोधून त्यांच्याकडे खास लक्ष देण्याचा) कार्यक्रम देशभर गाजला होता. त्याची यादृच्छिक चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा १८० दिवसांतली पुन्हा दाखल होण्याची टक्केवारी कार्यक्रमातल्या आणि कार्यक्रमाबाहेरच्या गटांत जवळपास सारखी निघाली: ६२.३ आणि ६१.७. सर्वांत वाईट काळात निवडलेली माणसं काही न करताही पुढच्या सहामाहीत थोडी बरी दिसतातच.

हाच सापळा तुमच्या दुसऱ्या, म्हणजे फी-फॉर-सर्व्हिसशी केलेल्या, तुलनेत आहे, आणि सगळ्यांत जास्त वेळ तुम्ही इथे घालवावा असं मला वाटतं. मेडिकेडमध्ये पुष्कळ लोकांची नोंदणी होते तीच आजारी पडून रुग्णालयात गेल्यावर. मेडिकेड अर्जाआधीच्या तीन महिन्यांपर्यंतचा खर्च पूर्वलक्षी देऊ शकतं, आणि प्लॅन नेमला जाईपर्यंतचे ते सुरुवातीचे महिने अनेक राज्यांत फी-फॉर-सर्व्हिसमध्ये पडतात. त्यामुळे त्या रकान्यात ईआरच्या भेटी ठासून भरलेल्या असणारच. त्याच माणसाचे पुढचे महिने मॅनेज्ड केअरमध्ये शांत दिसतात. नोंदणीनंतरचे पहिले तीन महिने आणि त्याआधीचे तीन पूर्वलक्षी महिने काढून आकडे पुन्हा चालवून बघा. तुमच्या फरकातला मोठा तुकडा तिथेच विरघळला तर मला नवल वाटणार नाही. शिवाय जिथे मॅनेज्ड केअर सक्तीचं आहे तिथे फी-फॉर-सर्व्हिसमध्ये उरलेले म्हणजे बरेचदा मेडिकेअर आणि मेडिकेड दोन्ही असलेले, दीर्घकालीन सेवेतले किंवा खास सवलतीतले लोक. ते मुळातच जास्त आजारी असतात.

मोजणीतल्या चुका वेगळ्या. दर नेहमी हजार सभासद-महिन्यांमागे काढा. माणशी काढला तर मधेच विमा सुटलेल्यांचे आकडे खोटे कमी दिसतात. २०२३ च्या एप्रिलपासून पात्रतेची फेरतपासणी पुन्हा सुरू झाली आणि कोट्यवधी लोक बाहेर पडले, त्यामुळे त्या काळात हे फार जाणवेल. ईआर भेट पकडायला रुग्णालयाच्या बिलातले रेव्हेन्यू कोड ०४५० ते ०४५९ आणि ०९८१, सोबत डॉक्टरांच्या बिलातले कोड ९९२८१ ते ९९२८५ घ्या, आणि एका माणसाची एका दिवसाची एकच भेट धरा, नाहीतर रुग्णालयाचं आणि डॉक्टरचं बिल मिळून दोन होतील. ईआरमधून दाखल झालेल्यांचा खर्च आंतररुग्ण क्लेममध्ये मिसळतो. तो वेगळा शोधला नाही तर सर्वांत गंभीर भेटीच गळतात. बिलातला जागेचा कोड अर्जंट केअर दवाखान्यासाठी २० आणि ईआरसाठी २३, ही गल्लत तपासा. सर्वांत कपटी गोष्ट अशी की मॅनेज्ड केअरमध्ये राज्याला खरे क्लेम मिळत नाहीत, प्लॅनने पाठवलेला एन्काउंटर डेटा मिळतो. एखाद्या प्लॅनने दवाखान्यांना किंवा रुग्णालयगटाला पुढे कॅपिटेशनवरच पैसे दिले असतील, तर भेटीगणिक नोंद पाठवण्यात कुणाचंच हित नसतं आणि नोंदी गळतात. मॅनेज्ड केअर आल्याच्या तिमाहीतच ईआर भेटी एकदम उतरल्या असतील, तर आधी रुग्णालयांच्या स्वतःच्या डिस्चार्ज नोंदींशी पडताळा. कौंटीगणिक (जिल्ह्यागणिक) टप्प्याटप्प्याने मॅनेज्ड केअर आलेलं राज्य मिळालं तर तेच निवडा; माणसांची आधी-नंतर तुलना करण्यापेक्षा कौंट्यांची करणं कितीतरी भरवशाचं.

महात्मा फुले योजनेबद्दल. ती मुख्यतः ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजवर, रुग्णालयात दाखल झाल्यावर, कॅशलेस पैसे देते. नेहमीची बाह्यरुग्ण तपासणी त्यात नाही, नेमून दिलेला डॉक्टर नाही, माणशी दरमहा रक्कमही नाही. म्हणजे कॅज्युअल्टीतली भेट टळली तर पैसे वाचतील असा पक्षच तिथे उभा नाही, आणि मॅनेज्ड केअरचा परिणाम शोधायला जागाच उरत नाही. तुलना करायचीच असेल तर ईएसआयसीकडे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, बघा. तिथल्या पॅनेल डॉक्टरांना, म्हणजे इन्शुरन्स मेडिकल प्रॅक्टिशनरना, नाव नोंदवलेल्या प्रत्येक विमाधारकामागे वर्षाला ठरावीक रक्कम मिळते, आणि महाराष्ट्रात ही पद्धत जुनी आहे. पॅनेल डॉक्टरकडे नोंद असलेले कामगार आणि थेट ईएसआय दवाखान्याला जोडलेले कामगार, या दोन गटांची ईएसआय रुग्णालयातल्या कॅज्युअल्टीची रजिस्टरं मिळवता आली, तर तुमच्या दुसऱ्या प्रबंधाचा विषय तयार आहे. तासागणिक नोंद मिळते का ते आधी विचारा. संध्याकाळी सहानंतरच्या भेटी वेगळ्या काढता आल्या नाहीत तर त्या डेटावर वेळ घालवू नका.